बचत गटाच्या पाकिटावरचे नाव कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या फराळापासून उन्हाळी वाळवणांपर्यंत महिला बचत गटांच्या पदार्थांची प्रदर्शने राज्यभर भरत असतात. मुंबईतले महालक्ष्मी सरस, पुण्यातली भीमथडी जत्रा, जिल्ह्याजिल्ह्यांतले मेळावे यांच्या बातम्या आपल्या दैनिकातही येतात. या बातम्यांत अलीकडे एक वाक्य हटकून असते : गटांना ‘ब्रँडिंग करून दिले’. म्हणजे बहुतेक वेळा एक लोगो, एक फ्लेक्स आणि काही हजार छापील पाकिटे. पण ज्या नावाने पदार्थ विकायचा ते नाव कायद्याने कोणाचे? लोगोची मूळ फाइल कोणाकडे आहे? पाकिटे संपली की पुढची पाकिटे तशीच कशी छापायची? याची उत्तरे गटातल्या बायकांना कोणी दिलेली नसतात, आणि झालेला खर्च पहिल्या छपाईबरोबर संपतो. आम्ही खाद्यपदार्थांच्या वेष्टनाचे आणि लेबलाचे काम करतो. हे काम कोणत्या क्रमाने व्हायला हवे आणि ते कुठे बिघडते, ते आपल्या वाचकांसमोर आणि योजना राबवणाऱ्या कार्यालयांसमोर मांडावे, म्हणून हे पत्र.

सुरुवात नावापासून. अन्नपूर्णा, सावित्री, जिजाऊ, महालक्ष्मी, गावरान, माऊली ही नावे मनाला भावतात, म्हणूनच ती प्रत्येक तालुक्यात सापडतात. ट्रेडमार्क कायदा १९९९ मधील कलम ९ प्रमाणे पदार्थाचे नुसते वर्णन करणारे नाव, उदाहरणार्थ ‘गावरान मसाले’, सहसा नाकारले जाते. कलम ११ प्रमाणे आधीच्या चिन्हाशी मिळतेजुळते नाव अडते. शिवाय बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा १९५० चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र आहे, त्यामुळे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी वापरता येत नाही. आदरापोटी हे नाव पाकिटावर घालणाऱ्या गटाला ही गोष्ट कोणीतरी आधी सांगायला हवी.

म्हणून नावे सुचवायची ती आठ-दहा सुचवावीत आणि बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या मोफत शोधात प्रत्येक नाव तपासावे. शोध दोन प्रकारे करावा : अक्षरांवरून आणि उच्चारावरून. ट्रेडमार्क नोंदणीत माल आणि सेवांचे क्रमांक दिलेले वर्ग असतात, तो वर्गही बरोबर निवडावा. लोणची, मुरंबे, जॅम २९ व्या वर्गात येतात. मसाले, पिठे, पापड, चटण्या ३० व्या वर्गात. खाणावळ किंवा डबे पुरवण्याची सेवा ४३ व्या वर्गात. लोणचे आणि मसाला दोन्ही विकणाऱ्या गटाने फक्त ३० वा वर्ग घेतला, तर लोणच्याच्या बरणीवरचे नाव उघडे पडते. त्यानंतर एक साधी चाचणी घ्यावी. फोनवर पाच अनोळखी माणसांना नाव सांगावे आणि त्यांनी ते कसे लिहिले ते पाहावे. ‘ओंजळ’ हे सुंदर नाव आहे, पण रोमन लिपीत ते तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाईल, आणि हिंदी भागात गेल्यावर त्यातला ळ टिकणार नाही. असे नाव घेऊ नये असे नाही. पण रोमन स्पेलिंग एकदाच ठरवावे आणि पाकीट, बिल, संकेतस्थळ सगळीकडे तेच ठेवावे.

ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला दर वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. संस्थेकडे उद्यम नोंदणी (लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद) नसेल तर दुप्पट भरावे लागतात, तेव्हा ती नोंदणी आधी करावी. अर्ज केल्यापासून नावापुढे ‘टीएम’ लावता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आल्यावरच. त्याआधी लावायला कलम १०७ प्रमाणे मनाई आहे. ही चूक अजाणतेपणी फार होते, कारण दुसऱ्या कुणाच्या लेबलाची फाइल उघडून त्यातच नाव बदललेले असते.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हा यातला सर्वांत नाजूक प्रश्न. नोंदणी नसलेल्या बचत गटाला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्तित्व नाही. म्हणून अर्ज अध्यक्षांच्या नावाने होतो, कधी प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या, कधी चक्क लोगो काढून देणाऱ्याच्या नावाने. पुढे अध्यक्ष बदलतात, संस्थेचा प्रकल्प संपतो, आणि दहा-पंधरा जणींच्या कष्टातून उभे राहिलेले नाव एका व्यक्तीची मालमत्ता होऊन बसते. त्यापेक्षा नोंदणीकृत प्रभागसंघ (अनेक बचत गटांचा मिळून झालेला संघ), सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी यांच्या नावाने अर्ज करावा आणि गटांना वापराचा लेखी परवाना द्यावा. याच कायद्यात कलम ६१ पासून ६८ पर्यंत सामूहिक चिन्हाची तरतूद आहे. चिन्ह कोणी वापरायचे, कोणत्या अटींवर, अट मोडल्यास काय, याची नियमावली अर्जासोबत द्यावी लागते. अनेक गटांनी मिळून एक नाव वापरायचे असेल तर ही तरतूद अगदी नेमकी बसते, तरीही प्रशिक्षणांत तिचा उल्लेख क्वचितच होतो.

नावाइतकाच लोगोचा कॉपीराइटही महत्त्वाचा. लेखी हस्तांतरण नसेल तर लोगोचा कॉपीराइट साधारणपणे काढणाऱ्याकडेच राहतो. पैसे दिले, पावती मिळाली, एवढ्याने तो गटाकडे येत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांचे धरले जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. म्हणजे दुबईच्या मराठी दुकानात लोणचे पाठवायचे ठरले की प्रश्न उभा राहणार. एका पानाच्या करारात कामाचे नाव, हक्क कोणते, मुदत ‘कॉपीराइटच्या संपूर्ण कालावधीसाठी’, प्रदेश ‘जगभर’ आणि मोबदल्याची रक्कम एवढे लिहिले की पुरते.

लोगोपेक्षा मोठी ओळख असते ती चवीची, आणि याबाबत लिज्जतचा इतिहास फार शिकवून जातो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ‘लिज्जत’ हे नाव आले ते १९६२ साली, नावासाठी ठेवलेल्या स्पर्धेतून. बक्षीस होते ५ रुपयांचे. संस्थेची नोंदणी १९६६ ची. रामदास पाध्ये यांचा जाहिरातीतला ससा त्यानंतरचा. पीठ केंद्रावर मळायचे, ते भगिनींनी घरी नेऊन लाटायचे आणि वाळलेले पापड केंद्रावर तपासून घ्यायचे, ही पद्धत त्या पाकिटामागे उभी आहे. घरे हजारो, पण पापडाची चव एक, कारण पिठाचे माप एका जागी ठरते.

आपल्याकडे एका प्रभागसंघात वीस गट एकाच नावाने कांदा-लसूण मसाला करतात, आणि कृती असते ‘दोन वाट्या खोबरे, मूठभर तीळ’ अशी. वाटी प्रत्येक घरची वेगळी असते. आधी ती कृती ग्रॅममध्ये लिहून काढावी. मिरची कोणत्या जातीची, देठ काढल्यावर किती किलो, भाजणी कोणत्या रंगापर्यंत, कांदा किती सुकलेला, हे ठरवून १० किलोच्या घाण्याचा तक्ता भिंतीवर लावावा. प्रत्येक घाण्याला बॅच क्रमांक द्यावा आणि त्यातले १०० ग्रॅम, पदार्थाची मुदत संपेपर्यंत, नमुना म्हणून बाजूला ठेवावेत. तक्रार आली की नेमका तो घाणा सापडतो. बॅच क्रमांक लेबलावर कायद्यानेही लागतोच. हे झाल्यावर रंग निवडायला बसावे.

आता पाकिटाकडे. समोरच्या बाजूला चारच गोष्टी ठळक हव्यात : ब्रँडचे नाव, पदार्थाचे नाव, निव्वळ वजन आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह. दुकानात गिऱ्हाईक दीड-दोन हातांवरून पाहते. त्या अंतरावरून ‘नाचणी सत्त्व’ की ‘नाचणी पीठ’ हे वाचता आले नाही, तर पाकीट हातात घेतले जात नाही. गटाच्या नोंदणीचे संपूर्ण नाव, योजनेचे नाव, तीन-चार शासकीय बोधचिन्हे हे सगळे समोर दाटीवाटीने बसवल्यामुळे पदार्थाचे नाव बोटभर जागेत कोंबलेले आम्ही नेहमी पाहतो. त्यांची जागा मागे आहे.

हिरव्या चिन्हाचे माप नियमात ठरलेले आहे. मुख्य दर्शनी भाग १०० चौ. सें.मी.पर्यंत असेल तर वर्तुळाचा व्यास किमान ३ मि.मी. आणि भोवतीच्या चौकटीची बाजू ६ मि.मी.; १०० ते ५०० चौ. सें.मी.ला ४ आणि ८ मि.मी.; ५०० ते २,५०० ला ६ आणि १२ मि.मी. साधारण १३ बाय २० सें.मी.चे पाऊच घेतले तर क्षेत्र २६० चौ. सें.मी. होते, म्हणून ४ मि.मी. लागते. लहान बरणीच्या लेबलावरून उचललेले ३ मि.मी.चे चिन्ह तिथे चालत नाही.

भाषेची चूक सगळ्यात जास्त होते. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते. मराठी तिच्या जोडीला हवी तेवढी घालता येते. संपूर्ण मराठी लेबल कितीही देखणे असले तरी ते नियमात बसत नाही. आम्हाला हे खटकते, पण आज नियम हा आहे. उपाय असा : समोरची बाजू मराठीत ठेवावी, वजन आणि पदार्थाचे सामान्य नाव दोन्ही भाषांत द्यावे, आणि मागची सक्तीची चौकट इंग्रजीत करून शेजारी मराठी द्यावे.

मागच्या बाजूला घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावेत. शेंगदाणे, गहू, दूध, सोयाबीन असे ॲलर्जीकारक घटक वेगळ्या ओळीत द्यावेत. शेंगदाण्याची चटणी असली तरी ‘शेंगदाणे समाविष्ट’ ही ओळ हवीच. उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि वापराची अंतिम तारीख दोन्ही लागतात. तारखेच्या शिक्क्यासाठी रिकामा चौकोन सोडतात, पण त्यावरही चकचकीत लॅमिनेशन चढवतात. त्यावर मारलेला शिक्का बोट फिरवताच पुसला जातो. तो चौकोन लॅमिनेशनशिवाय ठेवायला छपाईवाल्याला सांगावे, नाहीतर तारीख छापलेली चिकटपट्टी वापरावी. एमआरपीसुद्धा छापून टाकू नये, ती शिक्क्यानेच द्यावी. किंमत वाढवायला जुन्या एमआरपीवर स्टिकर चिकटवता येत नाही, आणि मिरचीचा भाव तर दर हंगामाला बदलतो. एमआरपी ठरवताना दुकानदाराचा वाटाही धरावा. प्रदर्शनातला १०० रुपयांचा भाव तसाच छापला आणि दुकानदाराने २५ रुपये मागितले, की उरलेल्या ७५ रुपयांत खर्च निघत नाही आणि छापील किंमत तर ओलांडता येत नाही.

एक समान ब्रँड असला की एकच पाऊच छापून सगळ्या गटांना वाटतात. त्यावर एकाच गटाचा १४ अंकी अन्नसुरक्षा (एफएसएसएआय) क्रमांक आणि पत्ता असतो, माल मात्र दुसऱ्या गावात बनलेला. हे लेबल खोटे ठरते. समोरची बाजू सगळ्यांची सारखी छापावी, मागे साधारण ७ बाय ९ सें.मी.ची जागा कोरी ठेवावी आणि प्रत्येक गटाने आपला पत्ता, क्रमांक, बॅच यांचे स्टिकर तिथे लावावे. उत्पादक आणि विक्रेता वेगळे असतील तर दोघांची नावे द्यावीत. हा क्रमांक म्हणजे नोंदणी किंवा परवाना आहे. तो दर्जाचा दाखला नव्हे, म्हणून ‘एफएसएसएआय प्रमाणित’ असे लिहू नये.

शब्दांच्या बाबतीतही हात आवरावा लागतो. नैसर्गिक, शुद्ध, ताजे, अस्सल, पारंपरिक हे शब्द केव्हा वापरायचे, याच्या अटी जाहिरात व दाव्यांच्या २०१८ च्या नियमांत आहेत. ‘पारंपरिक’ म्हणायचे तर ती कृती पिढ्यान्‌पिढ्या, फारसा बदल न होता, चालत आलेली असावी लागते. ब्रँडच्या नावातच असा शब्द असेल आणि त्यातून गैरसमज होण्यासारखा असेल, तर ‘हे केवळ ब्रँडचे नाव आहे’ अशा आशयाचा खुलासा किमान ३ मि.मी. अक्षरांत छापावा लागतो. ‘सेंद्रिय’ला प्रमाणपत्र लागते. ‘घरगुती’ हा आपला लाडका शब्द, तोही गैरसमज होईल असा वापरू नये असे नियम सांगतात. भिवापुरी मिरची, वायगावची हळद, आजऱ्याचा घनसाळ, मंगळवेढ्याची ज्वारी यांना भौगोलिक मानांकन आहे. ही नावे पाकिटावर ठळक घालायची तर त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. ही नोंद जिल्ह्यातल्या गटांसाठी मोठी संधी आहे, कारण उगमस्थानाइतकी भक्कम ओळख कोणताही लोगो देऊ शकत नाही.

अक्षरांकडे येऊ. मराठी वाचकाच्या डोळ्याला पाकळीचा ल आणि देठाचा श सवयीचा आहे, आणि २००९ च्या शासन निर्णयानेही त्याच रूपांचा आग्रह धरला. बाहेरच्या फॉन्टमध्ये बहुधा हिंदी वळणाचे ल आणि श येतात. ‘मुक्त’, ‘बालू’ असे चांगले देवनागरी फॉन्ट व्यावसायिक कामालाही मोफत मिळतात. चोरीचा फॉन्ट वापरायची गरज उरलेली नाही. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली की मात्र जोडाक्षरे फुटतात, रफार पुढच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसते. छपाईला देण्यापूर्वी सगळा मजकूर आऊटलाइनमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांत, बदलावा, आणि बदलण्याआधीची प्रत वेगळी जपून ठेवावी, कारण आऊटलाइन झालेल्या मजकुरात पुढे एक अक्षरही सुधारता येत नाही. अंतिम प्रूफ कागदावर छापून, मराठी नीट वाचणाऱ्या दोघींनी मोठ्याने वाचावे.

लोगोत चूल, नथ घातलेली स्त्री, दोन तळहात, गव्हाची लोंबी यांतले काहीही असले की तो शेजारच्या दहा स्टॉलमध्ये हरवतो. गटाकडे स्वतःचे असे काय आहे ते शोधावे : गावातल्या जात्याची खूण, त्या भागातल्या परडीचे विणकाम, एखादे पान. लोगो एका रंगात उभा राहतो का ते पाहावे. १२ मि.मी. रुंदीला छापून, रबरी शिक्का करून, मोबाइलमधल्या गोल चौकटीत ठेवून तपासावा. तिन्ही ठिकाणी ओळखू आला तर घ्यावा. रंगांचे आकडे लिहून ठेवावेत. ‘तोच हिरवा’ म्हटल्याने तोच हिरवा येत नाही. बारा पदार्थांना बारा वेगळी पाकिटे आखू नयेत. आराखडा एक ठेवावा, फक्त एक पट्टी पदार्थागणिक रंग बदलते.

तपकिरी क्राफ्ट कागदाच्या पाऊचची सध्या फार चलती आहे. ते गावाकडचे वाटते, पण त्यावर पांढऱ्या शाईचा थर न देता छापले तर सगळे रंग मळतात आणि हिरवे चिन्ह काळपट दिसते. खिडकी ठेवली तर उजेडाने मिरचीपुडीचा रंग उडतो, तळलेल्या चिवड्याला खवट वास लवकर येतो. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून मसाल्याचा वास निघून जातो, त्याला बहुस्तरीय पाऊच हवे. लोणच्याच्या बरणीवर कागदी स्टिकर तेलाने पारदर्शक होऊन सुटते. तिथे प्लास्टिक फिल्मचे स्टिकर घ्यावे आणि बरणी भरण्याआधी कोरडी असतानाच चिकटवावे.

छापील पाऊचचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. ग्रॅव्हूर छपाईत प्रत्येक रंगाला एक सिलिंडर लागतो, आणि छपाईवाले शेकडो किलो फिल्मची मागणी असल्याशिवाय यंत्र चालवत नाहीत. २०० ग्रॅमच्या पाऊचचे वजन साधारण ७ ग्रॅम धरले तर २०० किलो फिल्म म्हणजे सुमारे २८,५०० पाऊच. महिन्याला ५०० पाकिटे विकणाऱ्या गटाला ते पावणेपाच वर्षे पुरतील. तेवढ्यात पत्ता बदलतो, नियम बदलतो, आणि सगळा साठा वाया जातो. कोरे चांगले पाऊच आणि हजार-हजारच्या खेपेने छापलेले स्टिकर, हा मार्ग स्वस्त आहे आणि चूक दुरुस्त करू देणारा आहे.

मोठ्या दुकानात जायचे तर बारकोड लागतो. त्याचा पूर्ण आकार ३७.२९ बाय २५.९३ मि.मी. असतो आणि तो ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नये. दोन्ही कडांना कोरी जागा सोडावी. रेघा काळ्या किंवा गडद निळ्या हव्यात. लाल रेघा स्कॅनरच्या लाल प्रकाशात दिसतच नाहीत. क्राफ्ट कागदावर खाली पांढरी चौकट द्यावी.

गटाची कहाणी सांगावी, पण मागे, दोन-तीन ओळींत आणि ठोस : कोणते गाव, किती जणी, धान्य कुठून येते. ‘गरजू महिलांना मदत म्हणून घ्या’ हे वाक्य पाकिटावर नको. त्या वाक्याने एकदा खरेदी होते, दुसऱ्यांदा होते ती चवीमुळे. आणि ज्या बाईने उत्तम मसाला केला तिला आपल्याच पाकिटावर गरजू म्हणवून घ्यावे लागू नये. एखाद्या सभासदाचा फोटो छापायचा तर तिची लेखी संमती घ्यावी आणि ती गट सोडून गेली तर काय, हेही आधी ठरवावे. तक्रारीसाठी दिलेला फोन गटाच्या स्वतःच्या सिमचा असावा. संयोजिकेचा खासगी नंबर दिला की तिची बदली होताच गिऱ्हाइकाचा दुवा तुटतो.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत, २०२० पासून, गटांच्या आणि उत्पादक संस्थांच्या ब्रँडिंग व विपणनाला ५० टक्के साहाय्याची तरतूद करण्यात आली. अशा कोणत्याही योजनेतून लोगोचे आणि पाकिटांचे काम देताना जिल्हा कार्यालयांनी कार्यादेशात पुढील अटी घालाव्यात, आणि त्या पूर्ण झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, अशी आमची विनंती आहे. नावाच्या शोधाचा अहवाल आणि संस्थेच्या नावाने केलेल्या ट्रेडमार्क अर्जाची प्रत. कॉपीराइट हस्तांतरणाचा सही केलेला करार. लोगोची कोरल किंवा इलस्ट्रेटरमधली मूळ फाइल, पीडीएफ, पारदर्शक पीएनजी आणि एकरंगी प्रत, दोन पेनड्राइव्हवर, त्यातला एक प्रभागसंघाच्या कपाटात. वापरलेल्या फॉन्टची नावे आणि रंगांचे आकडे यांचे एक पान. मागच्या स्टिकरची अशी फाइल, की जिच्यात पत्ता आणि क्रमांक तालुक्याच्या डीटीपीवाल्याला बदलता येईल. आणि हे सगळे गटातल्या किमान दोघींना स्वतः उघडून, बदलून, छापायला पाठवून दाखवता आले पाहिजे.

आपले,
खाद्य-वेष्टनाचे काम करणारे काही वाचक,
पुणे